घरगुती वीजदुरुस्तीची हत्यारपेटी : काय असावे, कशासाठी असावे

मृग नक्षत्र लागले की बेळगावच्या टिळकवाडीत एक अनुभव दरवर्षी ठरलेला असतो. पहिल्या दोन-चार जोरदार सरी कोसळतात, जुन्या घराची भिंत ओल धरते आणि एखाद्या खोलीतला दिवा अचानक लागेनासा होतो. कुठे पंखा नुसता गुणगुणतो, कुठे फ्रिजच्या दाराला हात लावताच बोटांना झिणझिण्या येतात. वायरमनला दूरध्वनी करावा तर त्या दिवशी साऱ्या परिसराला तोच हवा असतो. घरात बहुधा सत्तरी ओलांडलेले दांपत्य असते. मुले पुण्याला किंवा बंगळूरला. अशा वेळी कपाटाच्या तळाशी पडलेला एखादा गंजका पेचकस आणि काळवंडलेली चिकटपट्टी बाहेर निघते आणि स्टुलावर चढून उपाय सुरू होतो. नेमका याच क्षणी अपघाताचा धोका सर्वाधिक असतो.

घरगुती वीजदुरुस्तीची हत्यारपेटी हा विषय म्हणूनच केवळ खरेदीच्या यादीचा नाही. कोणते काम घरातील माणसाने करावे, कोणते करू नये आणि बिघाड नेमका कोठे आहे हे सुरक्षितपणे कसे ओळखावे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या पेटीत असली पाहिजेत. बेळगाव, निपाणी या सीमाभागासाठी जे खरे, ते थोड्याफार फरकाने गोव्यातील जांभ्या दगडाच्या घरांनाही लागू पडते. पाऊस अधिक, दमटपणाही अधिक आणि किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्याने जोडण्या गंजण्याचा त्रास वेगळा.

घराची वीज कोणत्या पिढीची?

टिळकवाडीची वस्ती एका काळात उभी राहिलेली नाही. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन ज्या परिसरात भरले, तेथे आज वीरसौध उभे आहे आणि काँग्रेस रोड हे नावही त्याच आठवणीतून आले आहे. या रस्त्याच्या आसपास आणि रेल्वे गेटांच्या अलीकडे-पलीकडे कौलारू बैठी घरे, नंतरचे सिमेंटचे बंगले आणि अलीकडचे सदनिकासंकुल असे तीनही काळ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. त्यांच्या भिंतींतील वीजवाहिन्याही तशाच तीन पिढ्यांच्या असतात.

पहिल्या पिढीत सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर दिसते. हिच्यातील रबराचे किंवा सुती वेष्टणाचे आवरण कालांतराने कडक होऊन तडकते. वायर हलवली तरी ते गळून पडते. अर्थिंगची तार अनेकदा नसतेच, आणि फ्यूज चिनी मातीच्या ‘किटकॅट’चा असतो. दुसऱ्या पिढीत पीव्हीसीची वायर पट्टीतून किंवा नळीतून नेलेली असते. तिसऱ्या पिढीत सारे काही भिंतीत गाडलेले, एमसीबीचे बोर्ड आणि बहुधा आरसीसीबी बसवलेली असते. पेटी घेण्यापूर्वी आपले घर यांपैकी कोणत्या पिढीचे आहे हे पाहावे. पहिल्या पिढीच्या वायरिंगला घरच्या माणसाने हात लावू नये. तेथे दुरुस्तीपेक्षा संपूर्ण वायरिंग बदलणेच इष्ट असते, आणि ते परवानाधारक कंत्राटदाराचे काम आहे.

कायद्याने आखलेली रेषा

घरमालकाने स्वतः काय करावे याची मर्यादा कायद्यानेच ठरवली आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधील नियम ४५ आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० सालच्या सुरक्षा-नियमावलीतील कलम २९ यांचे सूत्र एकच होते. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणे यांची, मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता केलेली अदलाबदल वगळता, वीजजोडणीचे अन्य कोणतेही काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करावे.

याचा व्यावहारिक अर्थ सोपा आहे. जुना स्विच काढून तसाच नवा बसवता येतो; नवा पॉइंट काढता येत नाही. जळालेला होल्डर बदलता येतो; गीझरसाठी नवी वाहिनी ओढता येत नाही. मीटर, त्याचे सील आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर यांच्याशी ग्राहकाचा संबंध नाही. बेळगाव जिल्ह्यातील बहुतांश भागात ती जबाबदारी हेस्कॉमची, गोव्यात सरकारच्या वीज खात्याची. तक्रारीसाठी दोन्हीकडे १९१२ हाच क्रमांक आहे. पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस हा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ आणि नेहमीच्या वायरमनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावा. पेटीतली ही पहिली वस्तू होय.

किती वीज घातक?

आपल्याकडील घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. माणसाच्या शरीराला इजा करतो तो मात्र त्यातून वाहणारा प्रवाह. सुमारे दहा मिलीअँपियरच्या पुढे स्नायू आखडू लागतात आणि हातात धरलेली तार सोडवत नाही. त्याहून काही पट अधिक प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडते. कोरडी त्वचा बराच अवरोध करते, पण ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा अवरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १००० म्हणजे २३० मिलीअँपियर. हा आकडा जीवघेणा आहे. पावसाळ्यात तोच स्विच, तोच माणूस आणि तीच चूक अधिक महागात पडते ती या भागाकारामुळे.

घरासाठीची आरसीसीबी ३० मिलीअँपियरची घेतली जाते तीही याच कारणाने. प्रवाह जमिनीकडे गळू लागताच ती सेकंदाच्या तीन दशांश भागाच्या आत पुरवठा तोडते. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आल्यास तिला गळती जाणवत नाही आणि ती पडत नाही. आरसीसीबी आहे म्हणून चालू विजेवर काम करावे, असा अर्थ कोणीही काढू नये. तिच्यावरील ‘टी’ अक्षराचे बटण दर महिन्याला एकदा दाबून ती पडते की नाही हे पाहावे.

पेटीतील हत्यारे

टेस्टर : घरोघरी असलेले आणि सर्वाधिक गैरसमज असलेले हत्यार. पेचकसासारख्या दांड्यात निऑनचा चिमुकला दिवा आणि मोठा रोधक असतो. अत्यंत क्षीण प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जातो तेव्हा तो उजळतो. टेस्टर लागला म्हणजे फेज आहे, एवढे तो सांगतो. लागला नाही म्हणजे वीज नाही, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. लख्ख उजेडात त्याची लाली दिसत नाही. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिल्यास ती मंदावते. न्यूट्रल तुटली असेल आणि दिव्याचा स्विच चालू असेल तर दोन्ही टोकांना टेस्टर लागतो आणि अननुभवी माणूस गोंधळतो. दांड्याचे प्लॅस्टिक तडकलेला, पाण्यात पडलेला किंवा स्क्रू पिळण्यासाठी वापरून वाकलेला टेस्टर फेकून द्यावा.

मल्टिमीटर : टेस्टरच्या मर्यादा भरून काढणारे उपकरण. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, परंतु त्यावर ‘कॅट थ्री, ६०० व्होल्ट’ ही सुरक्षाश्रेणी छापलेली असावी आणि तारांचे वेष्टण जाड असावे. त्याच्या दोन गोष्टी शिकल्या की पुरे. एसी व्होल्ट मोजणे आणि वीज बंद असताना तारेची सलगता तपासणे. लाल तार ‘दहा अँपियर’च्या छिद्रात राहिली असताना व्होल्ट मोजू गेल्यास मीटरमधूनच शॉर्टसर्किट होते आणि हातात स्फोट होऊ शकतो. म्हणून मोजण्यापूर्वी तार कोणत्या छिद्रात आहे आणि खटका कोठे आहे, हे प्रत्येक वेळी पाहावे.

पेचकस : तीन पुरतात. बोर्डाच्या स्क्रूसाठी मध्यम चपटा, चार धारांचा एक आणि होल्डर व प्लगमधील बारीक स्क्रूसाठी एक लहान. दांड्यावर टोकापर्यंत वेष्टण असलेले आणि दोन त्रिकोणांच्या खुणेसह ‘१००० व्होल्ट’ छापलेले पेचकस घ्यावेत. ही खूण चाचणी झालेल्या हत्यारावर असते. नुसती जाड प्लॅस्टिकची मूठ म्हणजे वेष्टण नव्हे. अशी खूण असली तरी हत्यार चालू विजेवर वापरण्याची मुभा मिळत नाही. चुकून उरलेल्या विजेपासून ते वाचवते, एवढाच तिचा अर्थ.

पक्कड आणि सोबती : एक मध्यम आकाराची पक्कड, एक निमुळत्या तोंडाची पक्कड आणि एक वायर सोलण्याचे हत्यार. वायर दातांनी किंवा ब्लेडने सोलण्याची सवय फार जुनी आहे. ब्लेडने तांब्याच्या दोन-चार बारीक तारा हमखास तुटतात. उरलेल्या तारांवर भार पडून ती जागा तापते आणि काही महिन्यांनी तोच होल्डर पुन्हा जळतो. सोलण्याचे हत्यार हा खर्च वाटत असला तरी पेटीतील सर्वांत उपयोगी वस्तूंपैकी ती एक आहे.

बॅटरी : हातात धरायची नव्हे, डोक्याला बांधायची. दुरुस्तीच्या वेळी वीज बंदच असणार, आणि पावसाळी दुपारी कौलारू घरात उजेड नसतो. मोबाइलचा उजेड दातांत धरून काम करण्यापेक्षा दोन्ही हात मोकळे असणे केव्हाही चांगले.

स्टूल आणि पादत्राणे : लाकडी किंवा फायबरचे, न डगमगणारे स्टूल हवे. ॲल्युमिनियमची शिडी वीजकामाला वर्ज्य समजावी. पायात कोरडी रबरी चप्पल असावी. पंख्याजवळ बसलेला किरकोळ झटका माणसाला मारत नाही, पण त्या दचक्याने स्टुलावरून झालेली पडझड वृद्धांच्या खुब्याचे हाड मोडते.

सुटे सामान

हत्यारांबरोबर थोडे सामान आधीच घेऊन ठेवावे. दोन एलईडी दिवे, एक होल्डर, सहा अँपियरचा एक स्विच, सहा आणि सोळा अँपियरचा प्रत्येकी एक तीन पिनांचा प्लग, पीव्हीसीची चिकटपट्टी, स्क्रूचे काही कनेक्टर आणि घरात किटकॅट फ्यूज असल्यास योग्य क्षमतेची फ्यूज-तार. गीझर किंवा इस्त्रीसारख्या तापणाऱ्या उपकरणाजवळ प्लॅस्टिकचा नव्हे, चिनी मातीचा कनेक्टर वापरतात.

वायर, स्विच, प्लग यांवर आयएसआय चिन्ह असणे गुणवत्ता-नियंत्रण आदेशांनी बंधनकारक झाले. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना-क्रमांक असतो, भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो टाकल्यास उत्पादकाचे नाव कळते. बेळगावात असो, निपाणीत असो वा मडगावात, दुकानदाराकडे हे चिन्ह पाहूनच सामान मागावे आणि बिल घ्यावे.

पेटीत काय नसावे हेही महत्त्वाचे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांत बसवणारा जोडप्लग अर्थिंग तोडतो. तो घरातच नसावा. एका सॉकेटमधून चार उपकरणे चालवणारा स्वस्त बहुमुखी प्लगही तसाच. १००० वॅटची इस्त्री सुमारे साडेचार अँपियर घेते, २००० वॅटचा गीझर जवळजवळ नऊ, तर ३००० वॅटचा तेरा. सहा अँपियरच्या सॉकेटवर गीझर लावला तर सॉकेट वितळणारच.

काम करण्याची रीत

कोणत्याही कामापूर्वी पुढील क्रम पाळावा आणि घाई असली तरी त्यातील एकही पायरी गाळू नये.

१. ज्या जागी काम करायचे त्या वाहिनीची एमसीबी आणि घराचा मेन स्विच, दोन्ही बंद करावे. भिंतीवरील छोटा स्विच बंद करणे पुरेसे नाही. जुन्या घरांत तो चुकून न्यूट्रलवर बसवलेला असतो आणि दिवा विझला तरी होल्डरमध्ये फेज राहतो.

२. इन्व्हर्टर बंद करून त्याची बाहेर जाणारी जोडणी तोडावी. सीमाभागात आणि गोव्यात अनेक घरांत आता इन्व्हर्टर असतो. मेन बंद केला की इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि दिव्या-पंख्यांच्या वाहिनीत पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. ‘मेन बंद होता तरी शॉक बसला’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

३. मेनवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी किंवा घरातील एक माणूस तेथे उभा करावा.

४. टेस्टर किंवा मीटर प्रथम चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी तपासून घ्यावा, मग कामाच्या जागी तपासावे आणि पुन्हा चालू ठिकाणी तपासावे. इन्व्हर्टरसह सारे बंद केले असल्यास पहिली आणि शेवटची तपासणी शेजारच्या घरातील सॉकेटवर करता येते. तीन वेळच्या या तपासणीमुळे बिघडलेला टेस्टर घात करत नाही.

५. उघडलेल्या बोर्डाचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि मगच पहिला स्क्रू सैल करावा.

वायरच्या रंगांबाबत जुन्या-नव्यात घोळ आहे. भिंतीतील जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा हे फेजचे, काळा न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थिंगचा, अशी रूढी आहे. उपकरणांच्या दोरीत मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा पट्टेरी अर्थिंग असतो. म्हणजे भिंतीतला निळा फेज असू शकतो आणि मिक्सरच्या दोरीतला निळा न्यूट्रल. रंगावर विसंबू नये. मोजून खात्री करावी.

घरच्या माणसाला जमणारी कामे

प्लग बदलणे हे सुरुवातीचे काम. तीन पिनांपैकी जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. ती लांब ठेवण्याचे कारण असे की प्लग आत जाताना अर्थिंग आधी जोडले जावे आणि काढताना शेवटी सुटावे. प्लगच्या आत अर्थिंगची तार इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी. दोरीला हिसका बसला तर फेज आधी सुटेल, अर्थिंग शेवटी. दोरीचे बाहेरील आवरण प्लगच्या चिमट्यात पक्के आवळावे.

दिवा लागत नसेल तर आधी दिवा बदलून पाहावा, मग होल्डर. होल्डरमधील स्प्रिंगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर घासत बसण्यापेक्षा नवा होल्डर लावावा. स्विच बंद असतानाही रात्री एलईडी दिवा मंद लुकलुकत असेल तर स्विच न्यूट्रलवर असण्याची शक्यता असते. ते वायरमनकडून दुरुस्त करून घ्यावे.

छताचा पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, किंवा काठीने ढकलल्यावर फिरतो, तेव्हा बहुधा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. साध्या पंख्यात तो बहुतेक वेळा अडीच मायक्रोफॅरडचा असतो; जुन्यावर छापलेला आकडा आणि व्होल्टेज तंतोतंत जुळणाराच नवा घ्यावा. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये थोडा भार साठलेला असू शकतो, म्हणून काही मिनिटे थांबावे, मीटरने मोजावे आणि टोकांना बोटे लावू नयेत.

किटकॅट फ्यूज उडाल्यास मेन बंद करून, कारण शोधून मगच नवी तार घालावी. दिव्यांच्या वाहिनीला पाच अँपियरची, पॉवरच्या वाहिनीला पंधराची. ‘पुन्हा उडू नये’ म्हणून वायरीतल्या तांब्याच्या चार तारा पिळून घालण्याची सवय घराघरांत आढळते. तशा फ्यूजला वितळायला जो प्रवाह लागतो, त्याच्या कितीतरी आधी भिंतीतली वायर वितळते. आग फ्यूजमध्ये लागायची ती छतात लागते.

आरसीसीबी वारंवार पडत असेल तर सर्व उपकरणांचे प्लग काढावेत, सर्व एमसीबी बंद कराव्यात, आरसीसीबी वर करावी आणि एकेक एमसीबी चालू करत जावे. जिच्यावर ती पडेल त्या वाहिनीत गळती आहे. कोणतीही पडली नाही तर एकेक उपकरण लावून पाहावे; पावसाळ्यात बहुधा गीझर, वॉशिंग मशीन किंवा अंगणातला दिवा दोषी निघतो. साऱ्या एमसीबी बंद असतानाही ती पडत असेल तर न्यूट्रल कोठेतरी अर्थिंगला टेकली असण्याचा संभव असतो, आणि मग वायरमनची वाट पाहणेच योग्य. आरसीसीबी पडते म्हणून तिला वगळून थेट जोडणी करून घेणे म्हणजे धोक्याची घंटा वाजते म्हणून घंटाच काढून टाकण्यासारखे आहे.

अर्थिंगची परीक्षा

फ्रिजला किंवा मिक्सरला हात लावल्यावर झिणझिण्या येणे ही ‘चालायचेच’ अशी गोष्ट नव्हे. मल्टिमीटरने सॉकेटमध्ये तीन मोजण्या करता येतात. या मोजण्या चालू विजेवर कराव्या लागतात. म्हणून हात व पाय कोरडे असावेत, बोटे तारांच्या कड्याच्या मागे असावीत आणि सवय नसेल तर हे काम वायरमनच्या उपस्थितीत शिकून घ्यावे. फेज आणि न्यूट्रल यांत सुमारे २३० व्होल्ट यावेत. फेज आणि अर्थिंग यांतही जवळपास तेवढेच यावेत. न्यूट्रल आणि अर्थिंग यांत अवघे काही व्होल्ट. फेज आणि अर्थिंग यांत साठ, शंभर असा तरंगता आकडा आला तर अर्थिंगची तार तुटलेली आहे, किंवा मोठ्या छिद्रामागे तारच जोडलेली नाही, असे समजावे. जुन्या घरांत हे सर्रास आढळते. सॉकेट तीन छिद्रांचे, मागे तारा दोनच.

त्यावर न्यूट्रललाच अर्थिंगला जोडण्याचा ‘जुगाड’ कोणी सुचवला तर ठाम नकार द्यावा. न्यूट्रल तुटली की उपकरणाच्या संपूर्ण धातूच्या अंगावर फेज येतो. अर्थिंगचा खड्डा आणि पट्टी तपासणे, नवी तार ओढणे हे काम परवानाधारकाचे. लाल आणि जांभ्याची माती उन्हाळ्यात कोरडी पडते व अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून अर्थिंगची तपासणी उन्हाळ्यात करून घेणे अधिक खरे चित्र दाखवते. पावसाळ्यात ओल्या मातीत सारेच अर्थिंग चांगले भासते.

जेथे पेटी बंद ठेवावी

मीटर आणि सर्व्हिस वायर, एमसीबीच्या बोर्डाचा अंतर्भाग, गीझरची टाकी, वातानुकूलन यंत्र आणि मायक्रोवेव्ह ही सारी पेटीच्या कक्षेबाहेरची कामे. मायक्रोवेव्हमधील कंडेन्सर प्लग काढल्यानंतरही जीवघेणा भार साठवून ठेवू शकतो. जळका वास येणे, बोर्ड हाताला गरम लागणे, भिंतीतून चुरचुर आवाज येणे किंवा ओल बोर्डापर्यंत पोहोचणे यांपैकी काहीही दिसले तर मेन बंद करून वायरमनला बोलवावे. तो येईपर्यंत अंधारात बसणे हाच उपाय. रस्त्यावर तार तुटून पडली असेल तर तिच्याजवळ जाऊ नये, इतरांनाही जाऊ देऊ नये आणि १९१२ वर कळवावे.

कोणास शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नये. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करावा. ते तत्काळ शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर ढकलावे. श्वास नसेल तर १०८ ला कळवून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंत थांबू नये.

शेवटची वस्तू : वही

पेटीत एक छोटी वही असावी. कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, गीझरची वायर कधी बदलली, पंख्याचा कंडेन्सर कितीचा, इन्व्हर्टरची जोडणी कोठे तुटते, हे त्यात लिहावे. बोर्डावरील चिठ्ठ्या मराठीबरोबर कन्नडमध्येही लावल्यास उत्तम. टिळकवाडीत येणारा वायरमन मराठी बोलणारा असेल, कन्नड असेल वा उर्दू. ‘फेज, न्यूट्रल, अर्थिंग’ हे शब्द तिन्ही भाषांत सारखेच चालतात, पण ‘मागची खोली’ आणि ‘देवघर’ त्याला चिठ्ठीवरूनच कळते. मुले परगावी असलेल्या घरात या वहीची एक प्रत शेजाऱ्याकडे असावी.

ही सारी तयारी एका दिवसात करण्याची गरज नाही. पहिल्या महिन्यात टेस्टर, पेचकस, पक्कड आणि बॅटरी; दुसऱ्या महिन्यात मल्टिमीटर आणि वायर सोलण्याचे हत्यार; त्यानंतर सुटे सामान, या क्रमाने पेटी पूर्ण होते. वैशाखात, ऊन असतानाच, वायरमनला बोलावून एकदा घराची तपासणी करून घ्यावी आणि त्याच्यासमोर पेटीतील प्रत्येक हत्यार हाताळून पाहावे. मृगाच्या पहिल्या सरीला दिवा गेला, तर पेटी उघडणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. मेन आणि इन्व्हर्टर कोठे बंद होतात, आणि पेटी पुन्हा कधी मिटायची.